एल्डर फॉल्सची चाकाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकाची खुर्ची आहे. माझे हात ओकच्या लाकडाचे, पाठ आणि बैठक वेताची. खुर्ची एकदा मिळाली की सुटत नाही, असे लोक म्हणतात. माझ्यावर बसलेल्या एका माणसाने मात्र याहून फार मोठी खुर्ची सोडली. ते मी स्वतः पाहिले आहे.

अमेरिकेत व्हरमाँटच्या डोंगरांत एल्डर फॉल्स नावाचे गाव आहे. तिथल्या एझ्रा हॅस्किन्स यांचे दोन्ही पाय यादवी युद्धात गेले. घरी परतल्यावर ते गावच्या सुताराला म्हणाले, "माझी शवपेटी करायला वेळ आहे अजून. आधी खुर्ची कर." अशी मी जन्मले.

एझ्रा मला घराच्या पुढच्या ओसरीवर, अगदी रस्त्याकडे तोंड करून ठेवायला लावत. कुणाची गाय कुणाच्या ओट्सच्या शेतात शिरली, ओढ्याचे पाणी कुणी वळवले, सगळी भांडणे आमच्या ओसरीवर येत. पुढे गावाने त्यांना राज्याच्या विधिमंडळात पाठवायचे ठरवले. तेव्हा सभेत विरोधी उमेदवार म्हणाला, "ज्याला उभं राहता येत नाही, तो निवडणुकीला काय उभा राहणार?"

"उभे राहून नुसती भाषणं ठोकणारे पुष्कळ पाहिले, बाबा," एझ्रा म्हणाले. "मी आपला एका जागी बसून काम करीन."

सभा खो खो हसली आणि एझ्रा निवडून आले. त्या दिवशी मला एवढा अभिमान वाटला, की चाके जमिनीला टेकली आहेत की नाहीत, तेही कळेना.

एझ्रा गेले आणि मी माळ्यावर गेले. त्यांचा मुलगा लेम्युएल वकील झाला, गव्हर्नर झाला आणि शेवटी देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. गावात घंटा वाजल्या, त्या मी माळ्यावरून ऐकल्या.

त्यांच्या कारकिर्दीच्या तिसऱ्या उन्हाळ्यात ते विश्रांतीसाठी घरी आले होते. एका सकाळी न्याहारी करताना त्यांच्या हातातला चमचा गळून पडला. उजवे अंग लुळे पडले, जीभ जड झाली. मला घाईघाईने खाली आणले, धूळ पुसली. पण या वेळी माझी जागा ओसरीवर नव्हती. मागची खोली, आणि तिचेही पडदे ओढलेले.

"साहेबांना सर्दी झालीय. बरी व्हायला वेळ लागेल," असे त्यांच्या पत्नी ऑगस्टाबाई सगळ्यांना सांगत. एखादा मंत्री अगदीच हटून बसला, तर लेम्युएल यांना सोफ्यावर टेकवून अंगावर घोंगडी घालायची आणि मला कोटांच्या कपाटात ढकलायचे. राजधानीहून येणारे कागद अभ्यासिकेत साचत गेले. त्यांतले कोणते नवऱ्याला वाचून दाखवायचे, ते ऑगस्टाबाई ठरवत. मित्रांनो, त्या वाईट नव्हत्या. नवऱ्यावर त्यांचा फार जीव होता. लोकांनी हे पाहिले तर नवऱ्याने केलेले सगळे पुसले जाईल, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती.

तेव्हा दूरच्या बेटांवर लढाई चालू होती. तिथे कॉर्मक टियर्नी नावाचा एक शिपाई पहाऱ्यावर झोपला आणि लष्करी न्यायालयाने त्याला गोळी घालण्याची शिक्षा दिली. शिक्षा माफ करणे फक्त राष्ट्राध्यक्षांच्या हाती होते. त्याची आई नोरा गिरणीतले काम टाकून एल्डर फॉल्सला आली आणि आमच्या ओसरीच्या पायरीवर बसून राहिली. कुंपणाबाहेर वर्तमानपत्रवाले होतेच.

लेम्युएल यांची मुलगी हेस्टर वडिलांच्या सेवेसाठी घरी आली होती. ती मागच्या खोलीत येऊन म्हणाली, "आई, ती बाई अजून बसलीय."

"बसू दे. सांगितलंय तिला, साहेब आजारी आहेत म्हणून."

"तिचा मुलगा मरेल, आई!"

"आणि तुझ्या बाबांना असं कुणी पाहिलं तर? उद्या देशभर चेष्टा होईल. दोन पिढ्यांनी कमावलेलं नाव आहे हे, हेस्टर. धुळीला मिळायला एक दिवस पुरतो."

लेम्युएल माझ्यावर बसून ऐकत होते. त्यांनी डाव्या हाताने मुलीला जवळ बोलावले.

"हेस्टर," ते कष्टाने म्हणाले, "बाहेर... ने मला."

ऑगस्टाबाईंनी माझा दांडा घट्ट धरला. "नको हो! एवढं ऐका माझं."

त्यांनी पत्नीच्या हातावर हात ठेवला. "ऑगस्टा, माझे वडील... याच खुर्चीत... पुढच्या ओसरीवर बसायचे. लपले नाहीत... कधी."

 मग ऑगस्टाबाईंची बोटे हळूहळू सैल झाली. माझ्या आयुष्यात मी इतके जड काही सुटताना अनुभवलेले नाही.

ओसरीवर ऊन होते. मला पाहताच कुंपणापाशी गवतावर लोळत पडलेले वर्तमानपत्रवाले ताडकन उठले. नोरा पायरीवरून उठली आणि क्षणभर स्वतःचे दुःखही विसरली.

"अरे देवा! साहेब, ही काय दशा झाली तुमची! आणि मी मेली मनातल्या मनात शिव्या घालतेय, की हा माणूस मुद्दामच भेटत नाही म्हणून."

"तुमच्या मुलाचं... सांगा," लेम्युएल म्हणाले.

"अंगात ताप असताना पहारा दिला हो त्यानं. मग लागला डोळा. चुकलाच तो, मी नाही म्हणत नाही. पण त्यासाठी गोळी घालायची?"

हेस्टरने अभ्यासिकेतला ढीग उपसला. कॉर्मकचा माफीचा अर्ज तळाशी होता, मोहोरही फोडलेली नव्हती. तो पाहून ऑगस्टाबाईंनी तोंड झाकून घेतले. लेम्युएल यांनी डाव्या हाताने सही केली. एकेक अक्षर म्हणजे डोंगर चढणे होते. सही झाली आणि नोरा माझ्या चाकापाशी बसून रडली. कॉर्मक वाचला.

पण लेम्युएल यांनी लेखणी खाली ठेवली नाही. कुंपणाकडे पाहून ते म्हणाले, "हा कागद... ढिगात होता. असे अजून किती आहेत... मला माहीत नाही. ज्याला माहीत नाही... त्याने त्या जागी बसू नये." आणि त्यांनी हेस्टरला राजीनामा लिहायला सांगून त्यावरही सही केली.

टवाळी झाली. व्यंगचित्रांत मला गाढवाचे कानही मिळाले. कुणी त्यांना पळपुटा म्हटले, कुणी आदराने टोपी काढली. ते मात्र अखेरपर्यंत रोज संध्याकाळी ओसरीवर बसत, आणि शेजारी ऑगस्टाबाई मटार सोलत बसत.

ते गेल्यावर ऑगस्टाबाईंना मी डोळ्यांसमोर नकोशी झाले. मला गोठ्यात ठेवले. उंदरांनी वेत कुरतडला, चाके गंजली, आणि एका कोंबडीने माझ्यात संसार थाटला. पुष्कळ वर्षे गेली. मग शहरातून संग्रहालयाचे लोक आले. तोवर हेस्टरचेही केस पिकले होते.

"काचेच्या पेटीत ठेवू आम्ही हिला," ते म्हणाले. "इतिहास आहे हा!"

"आधी कपाटात, मग गोठ्यात, आता काचेत," हेस्टर म्हणाली. "कुणी बसायचं कधी हिच्यावर?"

तिने कोंबडीला दुसरे घर दिले, नवा वेत विणवला, चाकांना तेल घातले आणि मला थेट शेजारच्या म्हाताऱ्या पर्सिस बॅजरकडे नेले. तिचे कमरेचे हाड मोडले होते.

"हेस्टर, अगं, तुझ्या बापाला मी कधी चांगलं म्हटलं नाही," म्हातारी कुरकुरली.

"खुर्चीला कुठं ठाऊक आहे ते? बसा गुमान."

मार्चमध्ये गावसभा भरली. मला ढकलत हेस्टरच म्हातारीला घेऊन गेली. सभेत हेस्टरने सुचवले, की ओढ्यावरच्या पुलाला तिच्या वडिलांचे नाव द्यावे. तोच माझ्यावरून एक हात वर गेला.

"नाव कसलं देताय? फळ्या कुजल्यात त्याच्या! आधी फळ्या घाला," म्हातारी कडाडली.

मते घेतली. नावाचा ठराव पडला, फळ्या मंजूर झाल्या. हेस्टर लाल झाली, मग इतकी हसली की डोळे पुसावे लागले. "बाबांनीही फळ्यांनाच मत दिलं असतं," ती म्हणाली.

मित्रांनो, तेव्हापासून मी या घरातून त्या घरात फिरते आहे. ज्याला गरज पडेल त्याच्याकडे जाते. तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला तेल द्या, तिचा वेत कोरडा ठेवा. आणि घरातले कुणी थकले, लुळे पडले, तर त्याला मागच्या खोलीत पडदे ओढून ठेवू नका. पुढच्या ओसरीवर आणा. त्याला अजून काही सांगायचे असेल.