घसरलेल्या पटाशीचं पान

देवानं काकांना दोन हत्यारं दिली होती, पटाशी आणि जीभ, आणि दोन्ही एकाच वेळी चालत. कपाटाच्या दारावर वेल कोरून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक जाताना एखाद्या शब्दाची कुळकथाही घेऊन जायचं. "तासणं हा शब्द साधासुधा समजू नका. थेट संस्कृतातल्या 'तक्ष्'चा नातू आहे तो," असं म्हणत काका ढलपी उडवायचे, आणि गिऱ्हाईक घासाघीस विसरायचं.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंनी त्यांच्याकडे पोडियम करायला टाकला होता. एक दिवस त्या काम बघायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काका, रविवारी या पोडियमवरचं पहिलं भाषण तुमचं. विषय, कोरीवकामाचे शब्द. भाषा शिकवणारे झाडून सगळे येणार आहेत."

पटाशी घसरली. पोडियमवर कोरत असलेल्या वेलीच्या देठाशेजारी पेरभर लांब घाव पडला.

बाई गेल्यावरही काका तसेच बसून राहिले. कोपऱ्यात पॉलिश करणाऱ्या सुनेनं फडकं खाली ठेवलं.

"बाबा, काय झालं?"

"मी जे सांगतो ना, त्यातलं थोडं माझ्या वडिलांचं आहे. बाकीचं मनचं."

"मनचं म्हणजे?"

"गिऱ्हाईक तोंडाकडे बघत बसलं की सुचतं."

सून हसली नाही. म्हणजे हसली, पण पदराआड. "आता शिक्षकांसमोर एक जरी खोटं निघालं तरी उरलेल्यावर कोण विश्वास ठेवील?"

"तेच तर. उभ्या आयुष्याचं बोलणं भुशात जाईल."

"वाचनालयात जाडजूड कोश आहेत. मी बघून येते. तुम्ही आधी तो घाव बघा."

घावाचं काय करायचं ते काकांना कुणी सांगायला नको होतं. लाकडावरचा घाव पुसता येत नाही. त्याचं पान करायचं. वडिलांनी त्यांना शिकवलेली ही पहिली गोष्ट. काकांनी घावाभोवती रेघ मारली, कडा उतरवल्या, मधोमध शीर काढली. वेलीला डावीकडे सहा पानं होती, उजवीकडे सात झाली.

शनिवारी संध्याकाळी सून चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन समोर बसली.

"सुतार सूत्रधारातून आला, हे कुठून काढलंत?"

"सुचलं. दोरी धरून मापं घेतो, म्हटलं शोभेल त्याला. भुशात गेलं का?"

"खरं निघालं. घाव घालायची टाकी आणि नाण्यांची टाकसाळ एका घरच्या, तेही खरं. नक्षी आणि नकाशा?"

"त्यांना तर मी उगाच भावंडं केलं होतं."

"सख्खी आहेत. आजोळ अरबी. आणि लिहिणं म्हणजे मुळात ओरखडणं, तेही कोशात आहे."

काकांची छाती फुगली. "म्हणजे मला खोटं बोलायचं म्हटलं तरी जमत नाही."

सुनेच्या हातात एक चिठ्ठी उरली होती, ती तिनं पालथीच ठेवली. "रंधा," ती हळूच म्हणाली.

"तो तर माझ्या वडिलांचा. रंधा रांधण्यातून आला. बाई अन्न रांधते, सुतार लाकूड रांधतो. आई जेवायला वाढायची तेव्हा ते रोज म्हणायचे, आपलं दोघांचं काम एकच."

"बाबा, रंधा फारसीतून आलाय. रांधण्याशी त्याचं दूरचंही नातं नाही."

काकांनी रंध्याच्या मुठीवरून अंगठा फिरवला.

"मग गाळा तो," सून म्हणाली. "कुणाला कळणार आहे?"

"तुला कळलंय. मला कळलंय. आणि गाळला तर वडील गाळल्यासारखं होईल."

रविवारी काका पोडियममागे उभे राहिले. सुतार झाला, टाकी झाली, नक्षीनं टाळ्या घेतल्या. शिक्षक मंडळी माना डोलवत होती. आता थांबले असते तरी चाललं असतं. सुनेनं पहिल्या रांगेतून तशी खूणही केली.

"शेवटचा शब्द रंधा," काका म्हणाले आणि त्यांनी वडिलांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, आईच्या वाढण्यासकट. सभा खूश झाली. मग ते म्हणाले, "हे चूक आहे. शब्द फारसी आहे. सूनबाईनं कोशात बघितलं. इतकी वर्षं मी लोकांना चुकीचं सांगत आलो."



"मग आज तरी कशाला सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

काकांनी पोडियमवरून हात खाली नेला आणि वेलीच्या उजव्या बाजूवर बोट ठेवलं. "मोजा बघू. डावीकडे सहा, इकडे सात. तुम्ही भाषणाचं आमंत्रण दिलंत तेव्हा पटाशी घसरली ती इथं. पुसता आलं नाही, म्हणून पान केलं."

बाई उठून जवळ आल्या, चष्मा सावरून वाकल्या आणि सातही पानांवरून बोट फिरवलं.

"यातलं घसरलेलं कुठलं?"

काकांनी निरखून बघितलं, मग सुनेकडे बघितलं. तिनंही नकारार्थी मान हलवली.

"आता ते मलाही सांगता यायचं नाही," काका म्हणाले. "पण रंध्याचं मात्र लक्षात ठेवीन. दोन्ही सांगीन. आधी वडिलांचं, मग कोशाचं."