ओला ख्रिस्तप्रसाद

...आणि तिच्या तळहातावर तो पडला. अर्धवट विरघळलेला, कडेला नाचणीची पेज लागलेली, एका टोकाला लाळेची तार. ती तार अजून सोपानमास्तरांच्या खालच्या ओठाला जोडलेली होती, आणि निशिगंधा तारेकडेच बघत राहिली, कारण ती तुटेपर्यंत तरी हे तिचं एकटीचं नव्हतं.

"कागद हाय ह्यो," मास्तर म्हणाले. "न्हाई खायचा मला कागद."

तार तुटली.

"टिश्यू देऊ का, ताई?" मास्तरांची सून वर्षाली दारातूनच म्हणाली. "रोजचंच आहे अण्णांचं. काल बीपीच्या गोळ्या थुंकल्या, परवा माझ्या अंगावर. द्या गुंडाळून, डस्टबिनमध्ये टाकते."

"नको!" फार जोरात निघालं. मग खालच्या आवाजात, "हा डस्टबिनमध्ये नाही टाकत, वर्षाली. तुला माहितीये."

वर्षालीला माहीत होतं. तिचाही बाप्तिस्मा झालेला. पण ती दमली होती.

चर्चमधली रविवारची मिस्सा संपली की छोट्या डबीत ख्रिस्तप्रसाद, प्रभूचं शरीर मानलेली ती पिठाची पातळ चकती, घेऊन आजाऱ्यांच्या घरी जायचं, हे काम फादरांनी निशिगंधाला दिलं तेव्हाच नियमही सांगितले होते. कुणाच्या तोंडातून पडला तर आपण सेवन करायचा. नाहीच जमलं, तर पाण्यात पूर्ण विरघळू द्यायचा आणि ते पाणी मातीत ओतायचं. नाहीच जमलं तर... किती सहज म्हणाले होते. तिने मान डोलावली होती. न जमण्यासारखं काय आहे त्यात? प्रभूच तो.

प्रभूच हा?

वास येत होता. पेजेचा, न धुतलेल्या कवळीचा, आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी आंबट, जुनं. निघोजेच्या कंपनीत ती दिवसभर पार्ट तपासते. डाग दिसला की लाल ट्रे, विचार करायचा नाही. हात आताही लाल ट्रे शोधत होता.

याच मास्तरांनी — गावाकडे, श्रीरामपूरजवळ, ती नऊ वर्षांची — पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी टाळूला चिकटलेला तुकडा तिने बोटाने सोडवला म्हणून सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली होती. "देवाला बोटं लावतीस व्हय गं?" हुळहुळत्या गालाने तिने तो गिळला, आणि तेव्हापासून देव म्हणजे काहीतरी पांढरं, कोरडं, इस्त्री केलेलं. तीस वर्षं मी गुडघे टेकले, ते त्याला वास नाही म्हणूनच का?

तिने तोंड घट्ट मिटलं. मास्तरांची किळस, बघत उभ्या राहिलेल्या वर्षालीची, फादरांच्या स्वच्छ नखांची... आणि सगळ्यात जास्त या माझ्या मिटलेल्या तोंडाची.

पीठच समजू. पण मग मुलाची ओकारी ओंजळीत झेलताना काहीच कसं वाटलं नव्हतं? चिमूटभर पिठाचीच एवढी किळस का?

"वाटीत पाणी आण."

"आणते. कोरफडीच्या कुंडीत ओता मग," आतून वर्षालीचा आवाज, नळाचा आवाज. "चौथ्या मजल्यावर दुसरी माती कुठनं आणायची, ताई?"

मास्तर हसले. कशाला कोण जाणे. "भूक लागली," म्हणाले.

वाटी पुढे आली. आता सोपं. हात उपडा करायचा, पाण्यात सोडायचं, सुटायचं. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपली मूठ वळलेली आहे. कधी वळली? आत ते गिळगिळीत, कोमट, बोटांच्या फटींतून जरा बाहेर आलेलं...

"ताई?"

किळस तसूभरही कमी झाली नव्हती, उलट मनगटावरून वर चढत होती. मूठ उघडेना. पहिल्यांदाच तिला भीती वाटली, की आत खरंच कुणीतरी आहे.