कापलेल्या कडा

सासूबाईंनी ओले हात टॉवेलला पुसले, खुर्ची ओढली आणि सुनेच्या शेजारी संगणकासमोर ऐसपैस बसल्या.

"हं, दाखव. ठमाबाई उठायच्या आत उरकू."

ठमाबाई म्हणजे दीड वर्षांची नात. दुपारची आतल्या खोलीत झोपली होती. सासूबाई उद्या सकाळच्या गाडीने लेकीच्या बाळंतपणाला निघणार होत्या, आणि तिकडून सहा महिने तरी सुटका नव्हती. सुनेची नोकरी पुन्हा सुरू झाल्यापासून पोर त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढली होती. जाताना त्यांनी एवढंच मागितलं होतं : नातीचा आणि त्यांचा मिळून एक फोटो.

"ढीगभर काढतेस, त्यातला एक दे."

ढीगभरच होते. साडेचार हजार. सुनेला फोटोंचं वेड होतं, आणि वेडालाही शिस्त होती. रविवारी पोर झोपली की ती कॅमेऱ्यातले फोटो उतरवून घ्यायची, फसलेले बाद करायची, जमलेल्यांना तारे द्यायची, मग एकेकाचा उजेड नीट करून कडा कापायची. चौकटीत नको ते काही राहता कामा नये, हा तिचा नियम. हौशी छायाचित्रकारांच्या गटात तिच्या स्वच्छ चौकटींचं कौतुक व्हायचं.

तिने चेहऱ्यांची यादी उघडली. सॉफ्टवेअर प्रत्येक चेहरा ओळखून त्याचे फोटो वेगळे लावायचं. सगळ्यात वर ठमी : तीन हजार एकशे बारा. मग नवरा. शेजारचा बोकासुद्धा होता, त्याचे सव्वीस.

"अगं बाई, या लबाडालाही जागा दिलीये!" सासूबाई हसल्या. "मी कुठेय?"

सुनेने यादी खाली सरकवली. वर नेली. पुन्हा खाली.

"असाल ना... याला कधीकधी ओळखता येत नाही, आई."

"मला?"

"म्हणजे, चष्म्यामुळे."

तिने घाईघाईने यादी बंद केली. "तुम्ही बॅग भरून घ्या ना. मी शोधून ठेवते."

"बॅग कधीच भरून झाली."

मग काही इलाज उरला नाही. कापलेला भाग पुसला जात नाही, नुसता झाकलेला राहतो, हे तिला ठाऊक होतं. तिने ठमी पहिल्यांदा बसली तो चार ताऱ्यांचा फोटो उघडला आणि काप काढून टाकला. चौकट उजवीकडे फाकली. तिथे सासूबाई होत्या. एक हात पोरीच्या पाठीला, बाकी सगळं अंग बाहेर झुकलेलं, मान वाकडी. दुसऱ्या फोटोत त्या खुर्चीमागे वाकल्या होत्या. नुसती पाठ दिसत होती. तिसऱ्यात दाराआड अर्ध्या.

"काय ही माझी धांदल!" सासूबाईंना हसू आवरेना. "तू कॅमेरा उचललास की पळायचे. तरी मेली मध्ये यायचेच."

"सॉरी, आई."

"सॉरी कसलं? 'आई, जरा बाजूला व्हा,' म्हणायचीस ना. पुढे पुढे मला न सांगताच कळायला लागलं."

नवा गॅस कसा पेटवायचा ते शिकले, असं सांगावं तशा त्या सांगत होत्या. सुनेला वाटलं, टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिला मान वर करवेना.

"अगदी सुरुवातीचा बघ ना एखादा."

तिने तारखा मागे नेल्या. पहिला महिना. टॉवेलात गुंडाळलेलं बाळ, कुणाच्या तरी मांडीवर. मांडीच्या वरचं सगळं कापलेलं. तिने काप काढला.

सासूबाईंचे केस कानामागे नीट बसवलेले होते. चष्मा काढून हातात घेतला होता. मान ताठ करून त्या थेट कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या. कॅमेऱ्याचा नेम मात्र बाळाच्या पापण्यांवर धरलेला. त्यामुळे पापणीचा केस न् केस दिसत होता आणि मागचा चेहरा धुक्यात गेला होता.

"हा दे," सासूबाई लगेच म्हणाल्या.

"यात तुम्ही धूसर आलाय, आई. ठमी उठली की आपण नवीन काढू. खिडकीपाशी बसा, छान उजेड—"

"हाच दे गं. तेव्हा मला वाटलं होतं, तू माझाही काढतेयस."

सून पुन्हा पडद्याकडे वळली. तिने चेहऱ्यावर ठळकपणा वाढवायला घेतला. थोडा, आणखी थोडा, मग पार टोकापर्यंत. वाळू उडाल्यासारखे कण वर आले. चेहरा होता तिथेच राहिला. तिने मागे नेलं, पुन्हा टोकाला नेलं.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "मी आहे, हे मला माहितीये."

आत ठमी जागी होऊन रडू लागली. दोघींपैकी आधी सासूबाईच उठल्या.