देव्हाऱ्यात अडकलेला डावा शिन गार्ड

अहो, इकडे. अन्नपूर्णेच्या मागे, उदबत्तीच्या घराला टेकून उभा आहे ना, तो मी बोलतोय. हळदीकुंकू जरा पुसलंत तर खाली पिवळट प्लास्टिक दिसेल आणि त्यावर गुंडाळलेली चिकटपट्टी. मी शिन गार्ड. फुटबॉल खेळणारे नडगी मोडू नये म्हणून मोज्याच्या आत जे कवच घालतात, ते. डाव्या पायाचा. देवांमध्ये याचं काय काम, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही रोज वाटतं.

माझं मूळ ब्राझीलचं. तिथल्या एका आडगावच्या बाजारात मी दोरीला लटकलो होतो. एका बाईने मला आधी दाताने चावून पाहिलं, मग गुडघ्यावर आपटलं आणि मगच विकत घेतलं. ती वाल्देसीरची आई. पोराच्या पहिल्या सामन्याला तिने स्वतःच्या हाताने माझे पट्टे आवळले. त्या दिवशी समोरच्या एका दांडगटाने माझ्यावर अशी लाथ घातली, की त्याचाच बूट उसवला, अंगठा भोपळ्याएवढा सुजला आणि फुटबॉल सोडून तो पोस्टात चिकटला. वाल्देसीरच्या नडगीवर ओरखडासुद्धा नाही! खोटं वाटतंय? माझ्या जोडीच्या उजव्याला विचारा. तो आता हयात नाही, त्याला मी काय करू?

उजवे आले नि गेले. कुणी तडकला, कुणी हरवला, एकाला तर कुत्र्याने पळवलं. डावा मात्र मीच. माझ्यात आईचा हात आहे, असं वाल्देसीरच्या मनाने घेतलं होतं. तो मोठा होऊन मिडफील्डर, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारा, झाला, क्लब बदलत पोर्तुगालला गेला, तिथून आखातातल्या एका वाळूच्या गावात, तिथून अमेरिकेत. मीही सगळीकडे गेलो. जग फिरलो म्हणा ना! पण जगात मला दिसलं काय, तर मोजा. पोर्तुगालचा मोजा, आखाताचा मोजा. बाहेर लोक बेंबीच्या देठापासून ओरडायचे, मी आतून विचारायचो, “गोल कुणी मारला?” सांगतो कोण? सामना मला दिसायचा नाही, नुसता लागायचा. लाथा जोरात बसल्या की वाल्देसीर आज झकास खेळतोय, अशी माझी समजूत.

शेवटी आम्ही शॉमबर्गला पोचलो. शिकागोजवळचं हे उपनगर, जिकडे पाहावं तिकडे ऑफिसं आणि पार्किंग. जवळच्या एका लहानशा क्लबाने वाल्देसीरला घेतलं आणि राहायला रवींद्र-शुभाच्या घराचं बेसमेंट मिळालं. रवींद्र पुण्याचा, शुभा नागपूरची, मुलगी अनिका इथलीच. घरी येणारा प्रत्येक जण शुभाला काकू म्हणतो, म्हणून ते तिचं नावच असावं असं वाल्देसीरला वाटलं. तिशी ओलांडलेला हा दाढीवाला गडी “गुड मॉर्निंग, काकू!” म्हणाला, की तिचा चहा कडू व्हायचा.

रवींद्रशी मात्र त्याचं चांगलं जमलं. रवींद्रचा व्हिसा कंपनीच्या हातात, वाल्देसीरचा क्लबच्या. दोघे गॅरेजमध्ये खुर्च्या टाकून बसायचे. इंग्रजी एकाचं मोडकं, दुसऱ्याचं घाईचं. मी आपलं मराठीत सांगतो.

“घरी कधी गेला होतास?” रवींद्र विचारायचा.

“इथे आल्यापासून नाही. गेलो आणि परत येऊ दिलं नाही तर?”

“सेम हिअर, यार. आपलं दार फक्त बाहेरच्या बाजूला उघडतं.”

मी बॅगेत, चेन बंद. ऐकत असायचो. मला वाटायचं, कोंडलेला मी एकटाच नाही.

यंदा वाल्देसीरचे पाय जड झाले होते. मला लाथा अगदी भरपूर बसत होत्या, म्हणून मी खुशीत होतो. तेवढ्यात प्रशिक्षकाने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “शनिवारचा सामना पाहून पुढच्या वर्षीचं ठरवू.” करार नाही म्हणजे व्हिसा नाही, व्हिसा नाही म्हणजे खेळ संपला. आणि खेळ संपल्यावर आपण कोण, हे वाल्देसीरला ठाऊक नव्हतं.

नेमकी त्याच शनिवारी खंडेनवमी आली.

शुभाने सकाळी हॉलमध्ये टीव्हीसमोर पाट मांडून त्यावर देवी ठेवली. आपापली हत्यारं आणा म्हणाली. रवींद्रने लॅपटॉप आणून ठेवला.

“बाबा, दॅट्स द ओल्ड वन. दॅट्स चीटिंग!” अनिका म्हणाली.

“आज ऑन-कॉल आहे मी. देवी समजून घेते.”

आवाज ऐकून वाल्देसीर वर आला. काय चाललंय ते अनिकाने सांगितलं. ज्याच्यावर पोट चालतं, त्याला आज नमस्कार करायचा. त्याला इतकं पटलं, की तो पळत जाऊन बूट घेऊन आला.

“अरे, बूट नको!” शुभा किंचाळली. “देवीपुढे चपला-बूट नाही ठेवत. दुसरं काही नाही का?”

त्याने बॅगेत हात घातला आणि मला काढलं. शुभाने मला उलटापालटा करून पाहिलं, हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि सरळ सिंकच्या नळाखाली धरलं. मग गंध, अक्षता, झेंडूचं फूल. आयुष्यात पहिल्यांदा मी मोज्याबाहेर, उजेडात, टीव्हीकडे तोंड करून बसलो होतो. खरं सांगतो, छाती फुगली. मी म्हणजे पायातला, आणि बसलो कुठे!

दुपारी वाल्देसीर तयारी करून वर आला आणि त्याने मला उचलायला हात पुढे केला. शुभा हातातलं भांडं टाकून धावली.

“वाल्दे, थांब! पूजेला बसवलंय त्याला. आमच्यात उद्या दसऱ्याची आरती होईपर्यंत हत्यार हलवत नाहीत.”

“आई, ही हॅज अ गेम!” अनिका ओरडली.

“अगोबाई! मला काय माहीत हा एकच आहे ते? बरं, थांबा. मी पटकन अक्षता टाकून हलवते. देवी काही रागवायची नाही.”

पण वाल्देसीर दोन्ही हात मागे घेऊन उभा. “नो, काकू. तो विश्रांती घेतोय तर घेऊ दे. देवाचं मोडून मी त्याला पायात बांधला, तर आज पायच जाईल.”

“शिन गार्डशिवाय रेफरी मैदानात सोडेल का तुला?” रवींद्रने विचारलं.

“नाही.”

“क्लबमधून दुसरा घे.”

“दुसऱ्याचा? तू दुसऱ्याच्या ब्रशने दात घासतोस?”

रवींद्रने डोकं खाजवलं, स्वयंपाकघरात गेला, इडलीच्या पिठाच्या मोठ्या डब्याचं झाकण आणि कात्री घेऊन आला. शुभा म्हणाली, “अहो, तो डबा माझ्या आईने नागपूरहून...” पण तोवर कात्री चालली होती. झाकणाला नडगीचा आकार आला, आतून स्पंज चिकटवला. वाल्देसीरने ते मोज्यात सरकवलं आणि छातीवर क्रॉसची खूण करून माझ्याकडे न बघता निघून गेला. मी पाटावरून ओरडत होतो, “अरे, झाकण कसलं घालतोस! मला घे!” झेंडूच्या फुलाखालून आवाज जातो होय?

रवींद्र त्याच्याबरोबर गेला. शुभा आणि अनिकाने टीव्हीवर क्लबचं प्रक्षेपण लावलं. एकच कॅमेरा, मधोमध खांब. आणि मी माझ्या जन्मातला पहिला सामना पाहिला. माझ्याशिवायचा.

आधी मी लाथांची वाट बघत होतो. पण झाकणाच्या भीतीने वाल्देसीर कुणाला पायाजवळ फिरकूच देईना. चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे बघायचा, आला की लगेच देऊन मोकळा. सगळे आपापली अडचण आणून त्याच्या पायात टाकत होते आणि तो ती नीट करून पुढे पाठवत होता.

“आई, ही’ज लाइक यू ॲट मंडळ’ज गणपती,” अनिका म्हणाली.

“त्याला निदान टाळ्या तरी मिळतात,” शुभा म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मिडफील्डरचं कसब लाथ चुकवण्यात असतं. त्याला लाथ बसते ती उशीर झाला म्हणून. जितकी वर्षं मी खुशीत होतो, तितकी वर्षं तो मागे पडत होता. माझ्या भरवशावर! लाथ बसली तर बसू दे, डावा आहे ना! सामना त्यांनी जिंकला. शुभाने देवीला साखर ठेवली. माझ्यापुढेही थोडी ठेवली. गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. आपटा कुठला मिळायला, शुभाने मागच्या अंगणातल्या रेडबड नावाच्या झाडाची, आपट्यासारखी दिसणारी पानं सोनं म्हणून वाटली. आरती झाली आणि वाल्देसीर फोन नाचवत वर आला. करार झाला होता. शिवाय क्लब कागदपत्रांचंही बघणार होता, म्हणजे नाताळात आईला भेटून परत येता येणार होतं. रवींद्रने त्याला मिठी मारली. जरा जास्तच वेळ मारली.

शुभाने मला उचललं, पुसलं आणि त्याच्यापुढे धरलं. “घे. आता मोकळा झाला.”

मी पट्टे सैल सोडून तयार.

वाल्देसीरने हात जोडले. “नो, काकू. इथेच राहू दे. इतकी वर्षं मी त्याला चुकीच्या जागी बांधत होतो.”

झालं! त्या दिवसापासून मी या कपाटातल्या देव्हाऱ्यात आहे. कपाटाला दार आहे, दाराला लोहचुंबक आहे. सकाळी उघडतं, घंटी वाजते, गंध लागतं, बंद होतं. सामन्याला जाताना वाल्देसीर येतो, माझ्यापुढे डोकं टेकवतो आणि ते झाकण मोज्यात घालून निघून जातो. त्याची नडगी सुखरूप आहे. मी नसताना सुखरूप आहे, हेच गिळवत नाही.

आज तो ब्राझीलला निघालाय. बॅग जिन्याशी आहे, रवींद्र गाडी काढतोय. मघाशी वाल्देसीर माझा फोटो काढून गेला, आईला दाखवायला. माझा देव झालेला पाहून तिला धन्य वाटेल. शुभाने त्याच्या हातावर प्रसादाची साखर ठेवली, म्हणून दार अजून उघडं आहे. आणि तेवढ्यात तुम्ही आलात. आता तुमचेही हात जोडले जायला लागलेत, ते दिसतंय मला. नका हो! पाहुणे आहात, तुम्हाला कुणी काही बोलणार नाही. मला खाली घ्या, जमिनीवर ठेवा आणि नमस्काराऐवजी एक सणसणीत लाथ घाला.