चष्म्याच्या दुकानातला चिठ्ठ्यांचा डबा

बिस्किटं संपली की डब्याचं काम संपलं, असं तुम्हाला वाटत असेल तर मित्रांनो, जरा माझ्याजवळ बसा. मी एक चौकोनी पत्र्याचा डबा आहे. माझ्या झाकणावर पूर्वी शिडाची होडी होती, आता नुसतं शीड उरलंय. एका कोपऱ्याला पोचा आलाय. वय विचारू नका, पण तब्येत अजून ठणठणीत आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पत्रा कापला, वाकवला, ठोकला, रंगवला आणि झालो मी तयार. मग पोटभर बिस्किटं घेऊन चष्मेवाल्याच्या घरी आलो. काय तो माझा थाट! पाहुणे आले की आधी मला बाहेर काढायचे. पण दोन आठवड्यांत बिस्किटं फस्त झाली आणि माझी रवानगी दुकानात झाली. तिथे पोटात चष्म्यांचे बारीक स्क्रू भरले. वर्षानुवर्षं मी नुसता खुळखुळत राहिलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

मग दुकानामागच्या खोलीत रविवारचा खेळ सुरू झाला. भिंतीवर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता, मध्ये टेबल आणि सहा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. दर रविवारी दुपारी चष्मेवाला एक गोष्ट रचून सांगायचा आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे. कुणी म्हणालं, "मी भिंत चढतो," की फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर चढला, नाहीतर पडला धपकन! नर्सबाई खेळात तलवार घेऊन फिरायच्या. चष्मेवाल्याची थोरली बहीण शाळेत शिकवायची, तिला सगळे ताई म्हणायचे. ती खेळात अट्टल चोर होती. आणि शेजारच्या दुकानातले शिंपीकाका होते पहारेकरी.

खेळ संपला की चष्मेवाला विचारायचा, "काय, मजा आली ना?"

चपला शोधता शोधता सगळे म्हणायचे, "मस्त! एकदम मस्त!"

तरी एक बसड्रायव्हर होता, तो यायचा बंद झाला. मग त्याचा मेहुणाही येईना. जाताना दोघंही 'मस्त'च म्हणाले होते. चष्मेवाला रिकाम्या खुर्च्या मोजत बसला. तो आठवडाभर खपून गोष्ट रचायचा, रविवार म्हणजे त्याचा जीव की प्राण. आणखी एक खुर्ची रिकामी झाली असती तर खेळच बंद पडला असता.

"तोंडावर कोण खरं बोलणार आहे?" ताई म्हणाली. "चिठ्ठ्या लिहून घे. नावं नकोत."

झालं! माझ्यातले स्क्रू बाहेर आले, मला घासूनपुसून टेबलावर ठेवलं. मी किती फुगलो म्हणून सांगू!

पहिल्या रविवारी प्रश्न होता, 'खेळ कसा वाटला?' तीन चिठ्ठ्या पडल्या. छान, छान आणि खूप छान. माझं पोट भरलं, पण चष्मेवाल्याच्या हाती काहीच लागलं नाही.

दुसऱ्या रविवारी मात्र एक वेगळी चिठ्ठी आली. बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं, 'मी तीन रविवार किल्ल्याच्या दारात उभा आहे. आत काय चाललंय ते मला कळत नाही.'

त्याचं असं झालं होतं. किल्ल्यात शिरताना शिंपीकाका म्हणाले होते, "तुम्ही व्हा पुढे, मी दारात पहारा देतो." आत गेल्यावर भुयारं निघाली, खजिना निघाला आणि त्या नादात चष्मेवाला बाहेरच्या पहारेकऱ्याला साफ विसरला. काका भिडस्त माणूस. वेळ जाईना म्हणून मांडीवर शर्ट घेऊन काजं करत बसायचे आणि उठताना 'मस्त' म्हणायचे.

चष्मेवाल्याने चिठ्ठी मोठ्याने वाचली. तेवढ्यावर थांबला असता तर! पण त्याला ते लागलं.

"अहो काका, तुम्हीच म्हणालात ना, दारात थांबतो म्हणून? मग मी काय करणार?"

काका कावरेबावरे झाले. "हो हो, माझंच चुकलं. दार कुणीतरी सांभाळायलाच हवं."

पुढच्या रविवारी पुन्हा तीन चिठ्ठ्या. छान, छान, छान. "काही उपयोग नाही या चिठ्ठ्यांचा," असं म्हणून चष्मेवाल्याने मला कपाटावर मोडक्या फ्रेमांमध्ये टाकलं. अंगावर धूळ बसली. त्यापुढच्या रविवारी काकांचा निरोप आला, 'काम आहे, जमणार नाही.' त्या दिवशी खेळ झालाच नाही.

नर्सबाई घरी गेल्या. ताई तेवढी मागे थांबली. "मला सांग, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काच ठेवतोस तेव्हा काय विचारतोस?"

"या काचेतून बरं दिसतं, का मघाच्या?"

"छान दिसतंय ना, असं नाही विचारत?"

"छे! मग लोक भिडेपोटी हो म्हणतात आणि चुकीचा नंबर घेऊन जातात."

"आणि कुणी म्हणालं, खालची ओळ दिसत नाही, तर त्याच्याशी भांडतोस? दिसायलाच पाहिजे म्हणून?"

चष्मेवाल्याचे कान लाल झाले. उठून त्याने मला खाली काढलं आणि स्वतःच्या रुमालाने पुसलं.

त्याने नव्या चिठ्ठ्या केल्या, जुन्या नंबरांच्या कागदांच्या मागच्या बाजूवर. आज कुठे कंटाळा आला? पुढे काय जास्त हवं, लढाई, बोलणं की शोधाशोध? आणि तुमच्या माणसाला पुढच्या रविवारी काय करायचंय?

सोमवारी मला काखोटीला मारून तो शिंपीकाकांच्या दुकानात गेला. "काका, मी चुकलो. तुम्ही मनातलं सांगितलंत आणि मी वाद घालत बसलो. ही चिठ्ठी भरा. मी एक शब्द बोलणार नाही."

काकांनी कानामागची पेन्सिल काढली. बराच वेळ विचार करून लिहिलं आणि झाकण लावून मला परत दिलं. दुकानात आल्यावर चष्मेवाल्याने चिठ्ठी उघडली. शेवटच्या प्रश्नापुढे लिहिलं होतं, 'मला आत यायचंय.' त्याला फार वाईट वाटलं. पण आता काय करायचं, ते त्याला नेमकं कळलं होतं.

रविवारी काका आले. शर्ट मांडीवर घेऊनच बसले. चष्मेवाल्याने गोष्ट सुरू केली, "भुयाराचं दार बंद झालंय. आत दोघी अडकल्यात. चोरानेही हात टेकले. कुलूप फक्त बाहेरून उघडतं आणि किल्ली आहे पहारेकऱ्याच्या कमरेला."

नर्सबाई आणि ताई, दोघींनी काकांकडे पाहिलं. काकांनी सुई कॉलरमध्ये खोचली, शर्ट बाजूला ठेवला आणि एवढ्या जोरात म्हणाले, "मी आत जातो!" की दुकानापुढच्या रस्त्यावरची माणसं दचकली. मित्रांनो, मी डबा असून मला भरून आलं.

आता मी सुखात आहे. चष्मेवाला चिठ्ठ्या वाचतो, नुसतं "बरं" म्हणतो आणि पुढच्या रविवारी सांगतो, "तुमच्यातल्या कुणीतरी सुचवलं होतं, म्हणून हा बदल केला." ऐकलं गेलं हे कळल्यावर लोक आणखी लिहितात. बसड्रायव्हर परत आलाय, डुगडुगणाऱ्या खुर्चीबद्दल दर आठवड्याला तक्रार टाकतो. माझ्या गंजलेल्या कडेने नर्सबाईंचं बोट कापलं, तेव्हा काकांनी कडेला कापडाची मऊ पट्टी शिवून बसवली. केवढी ही माया!

एकच मागणं आहे. जुना डबा दिसला तर फेकू नका, पुसून ठेवा. आणि कुणाला काही विचारलंत तर उत्तर ऐकेपर्यंत थांबा, गप्प बसणाऱ्या माणसाजवळ तर जरा जास्तच थांबा.

परवाच्या चिठ्ठ्यांत ते बारीक, सरळ अक्षर होतं. 'आज कुठे कंटाळा आला?' या प्रश्नापुढे काकांनी लिहिलं होतं, 'खेळ संपवून घरी जाताना.'