गळ्यातला दात

हेरंब दांडेकरांना निवृत्त व्हायला चार महिने उरले होते आणि त्यांच्या नावावर अजून एकही मासा नव्हता. चेन्नईच्या एका सरकारी संशोधन कार्यालयात त्यांनी एकतीस वर्षं माशांचे जीवाश्म तपासले होते. बरोबरीच्यांनी नव्या जाती शोधून त्यांना गुरूंची, बायकांची नावं दिली, एकाने तर सासऱ्याचं. दांडेकरांची हयात गेली ती दुसऱ्यांच्या नव्या जाती मुळात जुन्याच आहेत हे दाखवण्यात. त्यामुळे कार्यालयात त्यांना मान होता, पण चहाला कुणी बोलवत नसे.

अशात त्यांना दात सापडला.

श्रीपेरुंबुदूरला एका कारखान्याच्या टाकीसाठी खड्डा खणला होता. तिथला दगड सुमारे बारा कोटी वर्षांचा. दांडेकर शिपाई प्रतापसिंहाला घेऊन नमुने आणायला गेले, तर खड्ड्याच्या काठावर, मातीच्या ढेकळात, तांदळाएवढा तपकिरी दात. त्यांनी तो भिंगाखाली धरला, पुसला आणि पुन्हा धरला. दात रोहूच्या कुळातला होता.

रोहू, कटला, काचेच्या भांड्यातला गोल्डफिश, ही सगळी एकाच खानदानातली भावंडं. त्यांच्या जबड्यात दात नसतात, गळ्यात असतात. मासा मरतो, बाकीचा सांगाडा विस्कटून जातो, पण हे दात कोट्यवधी वर्षं टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून, ओळींवरून कोण कुणाचा चुलत ते ठरतं. या खानदानाचा माग आजवर पाच-सहा कोटी वर्षांपर्यंतच लागला होता. दांडेकरांनी तो एका दुपारीत दुपटीने मागे नेला.

जुनं हाड जिभेला चिकटतं, म्हणून तिथल्या तिथे त्यांनी दात जिभेला लावून पाहिला. चिकटल्यासारखा वाटला. वहीत त्यांनी लिहिलं, ‘चव किंचित आंबट. बहुधा मातीतील लोहामुळे.’

मोठे साहेब खूश झाले. परिषद ठरली, पत्रिका छापल्या. नव्या जातीला बायकोचं, नीलमचं, नाव द्यायचं दांडेकरांनी ठरवलं. चातुर्मासात कांदासुद्धा घरात न आणणाऱ्या नीलमताईंनी होकार दिला, फक्त तो मासा आहे हे बहिणीला कळवू नका म्हणाल्या.

आता तुलनेसाठी आजच्या रोहूच्या दातांचा फोटो हवा होता. कार्यालयात बरणीतला एक रोहू होता, पण त्याला चिरायची परवानगी यायला दोन महिने लागले असते. म्हणून शनिवारी सकाळी दांडेकर प्रतापसिंहाबरोबर सैदापेटच्या मासळीबाजारात गेले. नाकाला रुमाल लावून.

प्रतापसिंहाचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले आणि त्यांचं मराठी तिथेच तमिळ होत होत थांबलं. अकरा वर्षं दांडेकर ते सुधारत होते. त्याच्यात काडीचा फरक पडला नव्हता.

कनका नावाच्या कोळणीपुढे उभं राहून दांडेकरांनी आपल्या मोडक्या तमिळमध्ये गळ्याकडे बोट दाखवलं. काटा अडकलाय असं समजून तिने त्यांना कोरड्या भाताचा गोळा गिळायला सांगितला. प्रतापसिंहाने खुलासा केल्यावर तिने एका रोहूचे कल्ले उघडले, अंगठा आत घातला आणि दोन हाडं काढून हातावर ठेवली. प्रत्येकावर दहा दात. पाच, तीन, दोन. दांडेकरांनी खिशातली डबी उघडून आपला दात शेजारी धरला.

कनकाने भिंगाशिवायच पाहिलं, काहीतरी पुटपुटली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. प्रतापसिंह चपलेकडे बघू लागला. ती काय म्हणाली, असं दांडेकरांनी दोनदा विचारलं.

“सार, ती म्हणते, हाही रोहूच,” तो म्हणाला. “पण शिजलेला.”

मग सगळं बाहेर आलं. खड्ड्याच्या त्या काठावर मजूर जेवायला बसत. चिंचेच्या कुळंबूत, म्हणजे आंबट कालवणात, रोहू असे, आणि काटेकुटे तिथेच टाकले जात. प्रतापसिंहाने उष्टी पानं पाहिलीही होती. मग तेव्हाच का नाही बोललास, असं दांडेकरांनी विचारलं.

“तुम्ही जिभेला लाविले, सार. मग मी कसे बोलू?”

कार्यालयात परतल्यावर दांडेकरांनी दाताचा कण चिमट्यात धरून ज्योतीवर नेला. केस जळल्यासारखा वास आला. कोट्यवधी वर्षांच्या हाडाला असा वास येत नाही. प्रतापसिंह कुणाला सांगणार नव्हता, कनका परिषदेला येणार नव्हती. चार महिने गप्प राहिलं की झालं. हा विचार त्यांनी एक कप चहा संपेपर्यंत केला. मग कार्यालयातल्याच विश्वेशच्या तीन जाती आपण कशा रद्द केल्या ते त्यांना आठवलं आणि ते उठून साहेबांकडे गेले.

साहेबांनी ही शंका परिषदेनंतर काढता येईल का, एवढंच विचारलं. दांडेकर नाही म्हणाले. पत्रिका छापलेल्या होत्याच, म्हणून व्याख्यान तसंच ठेवलं, आणि त्यात दांडेकरांनी खड्डा, कुळंबू, कनका सगळं सांगितलं. वहीतली ओळही वाचून दाखवली. ‘किंचित आंबट’ला सभागृह जे हसायला लागलं ते थांबेना. सगळ्यांत जास्त विश्वेश हसला. नंतर डोळे पुसत तो स्वतः दोन कप चहा घेऊन दांडेकरांशेजारी येऊन बसला. दोघं नऊ वर्षांनी बोलत होते.

घरी नीलमताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना आधी डोक्यावरून आंघोळ करायला पाठवलं.

उरलेले सगळे शनिवार दांडेकर सैदापेटला गेले. रुमाल दुसऱ्या खेपेलाच सुटला. रोहू, कटला, मृगळ, मिळेल त्या माशाच्या गळ्यातले दात उकळून, वाळवून त्यांनी कार्यालयातला एक खण भरला, म्हणजे पुढच्या माणसाला परवानगीची वाट बघायला नको. चिठ्ठीवर ते शास्त्रीय नाव लिहीत, खाली कनकाने सांगितलेलं. दोनदा दोघांची नावं जुळेनात, तेव्हा त्यांनी घरी पुस्तकं काढून रात्र घालवली. दोन्ही वेळा कनकाचंच बरोबर निघालं.