उपाशी : होय

"काही खाल्लंय का हिनं सकाळपासून?"

"न्हाय ओ बाई. उपास हाय की तिला. आज अंगारकी न्हाय का!"

वच्छला सिस्टरनं केसपेपरवर लिहिलं, उपाशी : होय. वेळ सव्वानऊ. खाली सही.

सव्वीस वर्षं नोकरी झालेल्या बाईनं हे लिहिलं. लिहिताना तिच्या एका हातात ब्लडप्रेशरचा पट्टा होता, कानाखांद्यात फोन दाबलेला होता आणि फोनवर रक्तपेढीचा माणूस म्हणत होता, "ताई, बी निगेटिव्ह नाही, दुसरं बोला," जणू ती भाजी घ्यायला आली होती. वॉर्डात नऊ बाळंतिणी आणि त्यांच्यावर ती एकटी. आणि तिच्या स्वतःच्या पोटात, त्याच अंगारकीच्या नावानं, सकाळी सातला खाल्लेली साबुदाण्याची खिचडी होती. डब्यात दुपारची वेगळी.

खाटेवर उत्कर्षा होती. वय चोवीस. जेऊरच्या पुढं, उजनीच्या पाण्याकाठी केळीचं रान असलेल्या घरातली सून. अडीच वर्षांपूर्वी सीझर होऊन मुलगी झालेली. आता जुन्या टाक्याच्या जागीच कळ निघत होती. सासू विजयमाला तिच्या उशाशी, तळहातानं वारा घालत. नवरा अभिमन्यू बाहेर मोटरसायकलवरच बसून होता. त्याला खाली उतरायचंही सुचलेलं नव्हतं.

"कसं दुखतंय गं?"

"आत कायतरी उसवल्यावानी होतंय, बाई."

इंद्रायणी मॅडम म्हणजे तिथल्या बाळंतपणाच्या डॉक्टर. त्यांनी पोटावर हात ठेवला, बाळाचे ठोके ऐकले आणि वच्छलाबाईंना बाजूला घेतलं.

"टाका उलतोय. सोलापूरपर्यंत टिकायची नाही. डॉक्टर अनीश आलेत?"

"मंगळवार आहे मॅडम. गाडी आत्ताच लागली त्यांची."

"नशीब काढलं पोरीनं," कोपऱ्यात फरशी पुसणारी मावशी म्हणाली.

नशीब म्हणजे काय, तर मंगळवार. धरणाकाठच्या त्या तीस खाटांच्या सरकारी दवाखान्यात भूलतज्ज्ञाचं पद मंजूर आहे. भिंतीवरच्या फलकावर त्याच्या नावाची जागाही सोडलेली आहे. सहा वर्षं ती कोरी आहे. म्हणून दर मंगळवारी सोलापुरातून डॉ. अनीश येतात, ओळीनं पाच-सहा जणींना भूल देतात आणि दुपारी पुढच्या गावच्या दवाखान्यात जातात. म्हणजे त्या भागातल्या बाईनं अडायचं ते मंगळवारी. बाकीच्या सहा वारी अडली, तर शंभर किलोमीटर तशीच अडलेली जायची. कुणी वाटेत सुटते. कशी सुटते ते विचारायचं नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये डॉ. अनीशनी पाठीतल्या इंजेक्शनचा दोनदा प्रयत्न केला. त्यासाठी बाईनं पाठ धनुष्यासारखी वाकवून गप्प बसायचं असतं. उत्कर्षाला कळ यायची आणि ती ताठ व्हायची. तिसऱ्यांदा त्यांनी सुई हातात घेतली, तेवढ्यात इंद्रायणी मॅडम ओरडल्या, "ठोके ऐंशीवर आलेत! वेळ नाही!"

"मग पूर्ण भूल. सिस्टर, पोट रिकामं आहे ना?"

"हो सर. उपाशी आहे."

टेबलावरून उत्कर्षाच म्हणाली, "व्हय. उपासच हाय माजा." वर वच्छलाबाईंचं मनगट धरून विचारलं, "बाई, झोपंतनं उठते ना वो मी?"

"उठशील की. उठून पोराला घ्यायचंय तुला."

"गळा कोण धरतंय?" डॉ. अनीशनी विचारलं.

गळा हिंदुराव धरायचा. हिंदुराव तिथला शिपाई. पूर्ण भूल देताना बाईच्या गळ्याचं कडं दोन बोटांनी दाबून धरायचं, म्हणजे पोटातलं वर येत नाही, हे त्याला एका जुन्या डॉक्टरनं शिकवलं होतं. चौथी शिकलेल्या त्या माणसानं वीस वर्षं बायकांचे गळे असे धरले की एकीलाही ठसका लागला नाही. मागच्या वर्षी तो निवृत्त झाला. शाल, नारळ, फोटो. त्याच्या जागी कुणी आलं नाही. आज एक सिस्टर मॅडमच्या हाताखाली हत्यारं द्यायला होती, दुसरी बाळ घ्यायला दाराजवळच्या टेबलाशी. राहिली वच्छला. तिच्या हातात सलाईनची सुई, जी शिरेतून निसटत होती.

"उपाशी आहे ना? मग राहू दे. चला," डॉ. अनीश म्हणाले आणि त्यांनी औषध सोडलं.

उत्कर्षाचे डोळे मिटले. अंग सैल पडलं. डॉ. अनीशनी नळी घालायला तिचं तोंड उघडलं, आणि तोंड भरून वर आलं.

"सक्शन! सक्शन द्या!"

सक्शनचं मशीन थिएटरमध्ये दोन असावं लागतं. एक पोट उघडणाऱ्यासाठी, एक भूल देणाऱ्यासाठी. तिथलं दुसरं चौदा महिने बंद होतं, चादरीखाली झाकलेलं. जे चालू होतं त्याची नळी मॅडमकडच्या हिरव्या कापडाला चिमट्यानं लावलेली. चिमटा काढून, नळी ओढून पलीकडं द्यायला किती वेळ लागला? वीस सेकंद. फार तर पंचवीस. तेवढ्यात उत्कर्षाच्या छातीनं ते आत ओढलं.

मग मशीन घरघरलं आणि काचेच्या बरणीत पांढुरके, फुगलेले दाणे येऊन पडायला लागले. वच्छलाबाईंनी बरणीकडं पाहिलं. तो पदार्थ त्या स्वतः आठवड्यातून एकदा करायच्या. भिजवायला किती पाणी लागतं ते त्यांना न मोजता कळायचं.

"तू उपाशी म्हणालीस!" डॉ. अनीश आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एकेरी बोलले.

बाळ निघालं. मुलगा. आधी निळा, मग दोन फटक्यांवर रडला. दाराजवळची सिस्टर आनंदानं म्हणाली, "रडला, रडला!" आणि टेबलाकडं बघून खाली मान घालून बाळ पुसायला लागली. मॅडमनी टाके घातले. यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा ऐंशीच्या वर जाईना.

बाहेर विजयमालाबाई हसतमुखानं उठल्या. "काय झालं वो? पोरगा का?"

"मुलगा आहे. आजी, सकाळी हिनं काय खाल्लं होतं?"

"काय न्हाय ओ. उपास हाय म्हनलं की मगाशी. पोटुशी बाईनं निर्जळी करू नी, म्हनून मीच बळंबळं बसवली. ताटभर साबुदाना, वाटीभर भगर अन् आमच्याच रानातली दोन केळी. आठ वाजता. नको म्हनत व्हती, मीच म्हनलं, ताकद कुटनं येनार?" मग सिस्टरचा चेहरा बघून त्या थांबल्या. "का वो? उपासाचंच हाय ना ते समदं?"

सोलापूरला न्यायचं ठरलं. डॉ. अनीश सोबत गेले नाहीत. दुसऱ्या टेबलावर त्यांची वाट बघत होती तीही एक बाईच होती. बाळ दुसऱ्या सिस्टरकडं ठेवून वच्छलाबाई रुग्णवाहिकेत चढल्या. उत्कर्षाच्या तोंडातल्या नळीला फुगा लावलेला. तो दाबायचा, सोडायचा. दाबायचा, सोडायचा. शंभर किलोमीटर. उसाच्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या आणि मायाप्पा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मागच्या काचेतून अभिमन्यूची मोटरसायकल दिसत होती, कधी जवळ, कधी लांब. सासू पुढं बसून बाप्पाचं नाव घेत होती. मध्येच मागं वळून विचारायची, "उठली का वो?"

मोठ्या दवाखान्यात तिला मशीनवर घेतलं. कागद तयार करताना तिथल्या तरुण डॉक्टरनं वच्छलाबाईंनी आणलेला केसपेपर वाचला, उपाशी या शब्दाखाली लाल पेननं दोन रेघा मारल्या आणि फाईल बंद केली.

परतताना गाडी रिकामी. मायाप्पा अक्कलकोटकडचा. तो त्यांना अक्का म्हणायचा.

"अक्का, डबा तर उघडा की. उपासाला चालतंय ते तरी खावा."

"मायाप्पा, उपास म्हणजे काय रे?"

"आता घ्या! उपास म्हंजे काय अक्का, भात-भाकरी सोडून समदं!" तो हसला. आरशात त्यानं त्यांच्याकडं पाहिलं आणि हसू गिळलं.

चौथ्या दिवशी उत्कर्षा गेली. शेवटपर्यंत उठली नाही.

महिन्याभरानं चौकशी लागली. सोलापुरात, एसी लावलेल्या खोलीत, टेबलाभोवती पाच जण. चहा, बिस्किटं. अहवाल आधीच टाईप झालेला. समितीच्या साहेबांनी चष्मा वर करून वाचलं, "नातेवाईकांनी रुग्णाच्या आहाराबाबतची माहिती दडवल्याने..."

"दडवली नाही साहेब," वच्छलाबाई उभ्या राहिल्या. "त्या खरंच बोलल्या. मी खाल्लं का विचारलं, त्या उपास म्हणाल्या, मी उपाशी लिहिलं. मी स्वतः सकाळी खिचडी खाऊन कामावर गेले होते. मला कळायला पाहिजे होतं. माझं चुकलं, ते लिहा. त्या बाईला खोटी पाडू नका."

"अहो सिस्टर, तुम्हाला वाचवायलाच असं लिहिलंय. रिटायरमेंटला किती राहिली? सहा वर्षं? मग? पेन्शन नको का?"

समितीत एक वयस्क भूलतज्ज्ञ बाई होत्या. त्या म्हणाल्या, "उपाशी असो, नसो, कळा देणाऱ्या बाईचं पोट भरलेलंच धरायचं असतं. हे आम्ही पहिल्या वर्षात शिकतो. गळा का धरला नाही? आणि सक्शन एकच कसं?"

वच्छलाबाईंनी पिशवीतून तीन अर्ज काढले. सक्शन मशीन दुरुस्तीचे. तिन्हींवर पोचल्याचे शिक्के. हिंदुरावच्या जागी माणूस द्या, असा चौथा.

"हा आजचा विषय नाही," साहेब म्हणाले. "मॅडम, तुमचं आपण शिफारशींत घेऊ. सिस्टर, सही करा."

"त्या ओळीखाली नाही करणार."

साहेब चिडलेही नाहीत. त्यांनी कागद शांतपणे स्वतःकडं ओढून घेतला. "काही हरकत नाही. तुमच्या सहीवाचून अडत नाही."

शिफारशी झाल्या. महिन्याभरात एक गोष्ट खरोखर आलीही. नवा छापील फॉर्म. त्यात नवी चौकट : 'रुग्ण उपाशीपोटी असल्याबाबत नातेवाईकाची सही / अंगठा.' शब्द तोच. फक्त आता त्याच्याखाली ज्याचा अंगठा, त्याचा गळा. सक्शन मशीन चादरीखालीच होतं. फलकावरची जागा कोरी होती. वच्छलाबाई आता प्रत्येकीला बोटांवर मोजत विचारायच्या, "चहा? केळ? साबुदाणा? भगर? प्रसाद? पानाचा विडा?" बायका हसायच्या. "बाई, जेवायला बोलावताय का काय?"

लसीकरणाच्या दिवशी विजयमालाबाई नातवाला घेऊन आल्या. बाळंतपणानंतर अडीच महिने झाले होते. लस दीड महिन्यालाच द्यायची होती. उशीर का झाला ते वच्छलाबाईंनी विचारलं नाही. बाळ गुटगुटीत. काजळाचं बोट कपाळाला. म्हातारी मात्र निम्मी झाली होती.

त्यांनी बाळ टेबलावर ठेवलं नाही, छातीशीच धरून उभ्या राहिल्या.

"बाई, गावात समदे म्हनत्यात, मी खोटं बोलले असं सरकारनं ल्हिलंय. पोरगं माजं माज्याशी बोलंना झालंय. मी खोटं बोलले का वो?"

"नाही आजी. तुम्ही खोटं नाही बोललात."

"मग तसं ल्हिऊन द्या की कागदावर. अभिमन्यूला दावते."

वच्छलाबाईंनी लिहिलं तर तो नुसता एका सिस्टरचा कागद. शिक्का साहेबांकडं. त्यांनी सिरिंज भरली, ठेवली आणि सवयीनं विचारलं, "बाळाला आज काय पाजलं?"

विजयमालाबाई ताठ झाल्या. एकेक शब्द जपून, कोर्टात सांगावं तसं सांगायला लागल्या.

"पाटं पाचला डब्याचं दूध, अर्धी बाटली. त्यातलं थोडं वकलं, ते फडक्यानं पुसलं. सात वाजता पुना अर्धी. निघताना दोन चमचे पानी, उकळून निवलेलं. जेऊरला गाडीची वाट बघताना लई रडलं, तवा बोट मधात बुडवून चाटवलं. एकदाच. मधाचं झाकन आधी धुतलं व्हतं." त्या थांबल्या, डोळे मिटून आठवलं. "अजून एक. माज्या पदराची कड चोखत व्हतं वाटंनं. ती बी ल्हिवा."

इतक्या लहान बाळाला मध चाटवू नये. कुठलीही सिस्टर रागावली असती. वच्छलाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पेन उघडलं. लसीच्या कार्डावर तसलं काही लिहायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला, वेळेसकट, सगळं लिहून घेतलं. पदराची कडसुद्धा. खाली सही केली.